सावतोबांच्या मळ्यातली मिरची

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे आणि तीत प्रत्येकीने काही ना काही लिहावे असे ठरले. पाककृती लिहिणाऱ्या पुष्कळजणी आहेत आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी मात्र एका थोर माणसाची हकिगत लिहिणार आहे. ती लिहिण्याची पाळी माझ्यावर का आली ते आधी सांगते.

गेल्या आषाढात भजनाच्या वर्गात आपण संत सावता माळ्यांचा तो सर्वांना ठाऊक असलेला अभंग बसवत होतो. त्यात मळ्यातल्या भाज्यांची नावे येतात आणि त्या भाज्यांतच सावतोबांना आपला देव दिसतो. आपल्यापैकी एकीची कॉलेजात जाणारी मुलगी ऐकत बसली होती. तिने सहज विचारले, की सावता महाराज तेराव्या शतकातले, आणि मिरची तर पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आली; मग त्यांच्या अभंगात मिरची कशी? क्षणभर टाळ थांबले. एक वडीलधाऱ्या काकू दुखावल्या. संतांच्या वचनाची अशी चिकित्सा करू नये असे त्यांचे म्हणणे पडले. दुसरीने सुचवले, की वादाचा अभंग नकोच, त्याऐवजी दुसरा घेऊ. मुलगी बिचारी ओशाळून गेली आणि त्या दिवशी भजन लवकर आटोपले.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पोर खरे बोलत असेल तर इतकी वर्षे आपण काय गात आलो? आणि ती चुकत असेल तर तिला समजावून सांगण्याइतके तरी आपल्याला काय ठाऊक आहे? सावतोबांचे नाव आपण रोज घेतो, पण ते कोण, कोठले, त्यांच्या मळ्यात काय पिकत होते, हे मला धड सांगता आले नसते. तेव्हा वाचनालयातून पुस्तके आणली, जेथे अडले तेथे मुलाला मोबाईलवर शोधायला लावले, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

सावता माळ्यांचा जन्म इ. स. १२५० चा मानतात. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात अरण नावाचे गाव आहे, तेच त्यांचे गाव. त्यांचे आजोबा देवू माळी हे पंढरीचे वारकरी. वडील परसोबा आणि आई नांगिताबाई हीही भाविक माणसे. घरात शेती आणि भक्ती दोन्ही पिढीजात होत्या. देवगिरीला त्या वेळी यादवांचे राज्य होते. ज्ञानेश्वर, नामदेव, गोरा कुंभार, चोखामेळा, नरहरी सोनार अशी संतांची मांदियाळी त्याच काळातली. ज्ञानेश्वर माउली सावतोबांहून पंचवीस वर्षांनी लहान. प्रत्येकाने आपापल्या धंद्यातून देव शोधला. कुंभाराने मातीतून शोधला, सोनाराने सोन्यातून शोधला, तसा आमच्या या माळ्याने वाफ्यातून शोधला.

त्यांच्या पत्नीचे नाव जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई ती निराळी, हे लक्षात ठेवावे, कारण माझाही आधी घोटाळा झाला होता. त्यांना विठ्ठल आणि नागाताई अशी दोन मुले झाली. एकदा जनाबाईंच्या माहेरची माणसे पाहुणी आली. सावतोबा भजनात इतके रंगले होते, की पाहुण्यांकडे त्यांनी लक्षच दिले नाही. जनाबाई फार रागावल्या. मग सावतोबांनी गोड शब्दांनी त्यांची समजूत घातली आणि राग निवळला, अशी कथा आहे. चरित्रे लिहिणारे ही गोष्ट सावतोबांच्या शांत स्वभावासाठी सांगतात. मला मात्र ती वाचताना जनाबाईच दिसल्या. माहेरची माणसे उन्हातान्हातून आलेली, चूल पेटवायची, पाण्याची घागर भरायची, आणि घरधनी टाळ घेऊन बसलेले! आपल्यापैकी कोणाला राग आला नसता? पण एवढे खरे, की त्यांनी बायकोवर डोळे वटारले नाहीत, तिची समजूत काढली. सातशे वर्षांपूर्वीच्या पुरुषमाणसाकडून हेही थोडके नव्हे.

सावतोबांची सगळ्यांत मोठी गोष्ट ही, की ते पंढरीला कधी गेलेच नाहीत असे सांगतात. पंढरपूर अरणपासून काही फार दूर नाही. आजोबा वारी करीत होते, वडील करीत होते. पण सावतोबा मळा सोडून हलत नसत. पाणी देण्याच्या दिवशी माळी गावाला गेला तर वाफा सुकतो. त्यांनी मोट, विहीर, दोर यांतच पंढरी पाहिली. आपण जातीने माळी, बागाईत पिकवणे हाच आपला धर्म, असे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. तीर्थयात्रा, व्रते, उपासतापास यांचे त्यांनी अवडंबर माजवले नाही.

संतचरित्रांतून एक कथा येते. विठ्ठल एकदा नामदेवांबरोबर चालला असता अरणजवळ येताच त्यांना मागे टाकून सावतोबांच्या मळ्यात धावत आला आणि मला लपव म्हणाला. सावतोबांनी खुरप्याने आपली छाती चिरली, देवाला आत ठेवले आणि वरून उपरणे बांधून पुन्हा कामाला लागले. नामदेव शोधीत आले, आणि पीतांबराचा पदर बाहेर राहिला होता त्यावरून देव सापडला. कथेत खुरपे आहे, तलवार नाही, हे मला फार आवडते. भाजी निंदायचे जे हत्यार, त्यानेच देवाला घर करून दिले.

इ. स. १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी सावतोबांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि त्या सुबत्तेला उतरती कळा लागली. अरणला त्यांची समाधी आहे. इतर संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपुरास जातात, पण सावतोबांच्या भेटीला पंढरीहून विठ्ठलाचीच पालखी अरणला येते. ज्याने मळा सोडला नाही, त्याच्याकडे देवालाच यावे लागते.

त्यांचे ३७ अभंग आज मिळतात. ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. बाकीचे काम तोंडानेच झाले. एकाने म्हटले, दुसऱ्याने उचलले, आईने लेकीला शिकवले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मिरचीचा उलगडा करताना ती कामी येते.

आता त्यांच्या मळ्यात शिरू. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या मळ्यात काय काय पिकत असेल? माझ्या सासूबाई आमच्या वाडीत पावसाळ्यात मांडव घालीत. त्यावर शिराळी, पडवळ, घोसाळी, दुधी, कारली चढत असत, आणि कुंपणाला तोंडली. यांतली बहुतेक मंडळी सावतोबांच्या ओळखीची असावीत. शिराळे, ज्याला घाटावर दोडका म्हणतात, आणि पडवळ हे आपल्याच मुलखाकडचे वेल. काकडीचे मूळ हिमालयाच्या पायथ्याशी. वांगेही आपल्याकडचेच. कोहळा पूर्वेकडच्या देशांतून आला पण फार जुना. दुधी मात्र मूळचा आफ्रिकेतला. तो हजारो वर्षांपूर्वी इकडे आला आणि इतका रुळला, की त्याला परका म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. कारल्याचेही मूळ आफ्रिकेतच, असे अलीकडच्या संशोधकांनी शोधून काढले आहे. चवळी तिकडचीच आणि कलिंगडही तिकडचेच.

दुधीचाच सोयरा तो कडू भोपळा. हा खाण्याचा नव्हे, पण त्याच्याइतका उपयोगी दुसरा वेल नाही. वाळवून कोरला की त्याचा तुंबा होतो, त्यात साधू पाणी ठेवतात. गावाकडे मुले पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. तोच भोपळा वारकऱ्याच्या वीणेला असतो. मिरजेचे कारागीर तंबोरे आणि सतारी करतात, त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या परिसरात पिकतात, म्हणजे सावतोबांच्याच मुलखात. मूळचा आफ्रिकेतला वेल, आणि त्याच्या पोकळ पोटातून विठ्ठलाच्या नामाला सूर मिळतो!

आता अभंगातल्या भाज्या पाहा. कांदा आणि लसूण या दोघांचे मूळ मध्य आशियातले. कोथिंबीर पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने आलेली. या सावतोबांच्या काळाच्या फार आधी येऊन आपल्या झाल्या होत्या. म्हणजे मिरची बाजूला ठेवली तरी सावतोबांच्या मळ्यात देव होऊन बसलेल्या भाज्यांत पाहुण्या होत्याच. आपल्याला ते माहीत नव्हते इतकेच.

मग मिरचीचे काय? मुलगी खरे बोलली होती. मिरची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली, म्हणजे सावतोबांनी देह ठेवल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली, पोर्तुगीजांनी गोवे घेतले १५१० साली, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपले लोक तिखट कशाने करीत? मिरी, आले आणि मोहरी यांनी. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने सुमारे ११३० साली मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यात राजाच्या मुदपाकखान्यातले पुष्कळ पदार्थ दिले आहेत, पण मिरचीचा मागमूस नाही, तिखटाला मिरी आहे. एवढेच काय, अकबर बादशहाच्या दरबारात सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत पदार्थांची मापे दिली आहेत, तेथेही मिरीच आहे. आपण मिरची हे नावसुद्धा मिरीवरूनच पाडले. नवी सून घरी आली की तिला घरातल्याच एखाद्या मुलीच्या नावाने हाक मारावी, तसे हे झाले.

या गोष्टीशी आपल्या वसईचा जवळचा संबंध आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधली २०५ वर्षे हा मुलूख त्यांच्याकडे होता. त्यांच्या जहाजांनी अमेरिकेतून आपल्या देशात काय काय आणले ते पाहिले तर चकित व्हायला होते. मिरची, अननस, काजू, पपई, पेरू हे सारे तिकडचे. बटाटाही तिकडचाच. बटाटा हा शब्द पोर्तुगीज, कोबी हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला. ज्या लाल भोपळ्याचे घारगे आपण इतक्या हौसेने करतो तोही अमेरिकेतला. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही म्हणून आपण ऋषीची भाजी करतो, तीत लाल भोपळा आणि मक्याची कणसे घालतो. दोन्ही ऋषींनी कधी डोळ्यांनी पाहिली नसतील.

आषाढी एकादशीच्या ताटाची तर मौजच आहे. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, रताळे तिकडचे आणि खिचडीतली हिरवी मिरचीही तिकडची. हे सगळे उपासाला चालते. आणि ज्या कांद्यात, लसणीत सावतोबांनी देव पाहिला, ती दोन्ही मात्र चातुर्मासात आपण घरातून हद्दपार करतो. कांदेनवमीला शेवटची कांद्याची भजी झाली, की चार महिने बंद. सावतोबांची पुण्यतिथी आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे नेमकी याच चार महिन्यांत पडते! त्या दिवशी आपण टाळ वाजवून कांद्यालसणीची थोरवी गातो आणि घरी येऊन कांद्याच्या टोपलीला शिवत नाही. मी हे कोणाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या घरीही कांदा-लसूण बंद असते आणि पुढेही असेल, कारण सासूबाईंनी घालून दिलेला नेम मोडवत नाही. पण नेम आपल्या सोयीसाठी आणि मनाच्या शिस्तीसाठी असतो, त्यावरून कोणाचे ताट पवित्र आणि कोणाचे अपवित्र ठरवू नये, एवढे मात्र मी या वर्षी शिकले. शेजारच्या घरातून लसणीच्या फोडणीचा वास आला की मी पूर्वी खिडकी लावून घेत असे. आता लावीत नाही.

राहिला अभंगातल्या मिरचीचा प्रश्न. मी काही विद्वान नाही, पण माझा तर्क सांगते. अभंग तोंडी चालत आला. गाणारीने कधी तो मळ्यात म्हटला, कधी जात्यावर म्हटला. पुढे मिरची मळ्यात आली, रोजच्या भाकरीबरोबर ठेच्यात आली, आणि मग ती ओळीतही येऊन बसली. सावतोबांच्या तोंडी मूळ मिरी असेल किंवा दुसरे काही असेल. पण ज्या कोणी ती मिरची तेथे घातली, त्या माणसाला अभंग नीट कळला होता. मळ्यात जे जे उगवते ते देवाचेच रूप, हा अभंगाचा अर्थ. मग साता समुद्रांपलीकडून आलेले रोप मळ्यात उगवले तर त्यालाच वगळायचे का? वगळले असते तर अभंग अधिक जुना राहिला असता, पण खोटा झाला असता. म्हणून माझे म्हणणे असे, की मुलगीही बरोबर आहे आणि अभंगही बरोबर आहे. मिरची सावतोबांची नसेल, पण अभंग मिरचीला आपले म्हणतो यात शंका नाही.

ही सारी हकिगत मी भजनाच्या वर्गात त्या काकूंना आणि त्या मुलीला एकत्र बसवून सांगितली. काकू आधी गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, की त्यांच्या आईच्या तोंडी याच अभंगात आणखी एक भाजी होती, ती त्या कोणाला भीत भीत सांगत नव्हत्या, चूक ठरेल म्हणून. पुढच्या वेळी त्यांनी तो अभंग आईच्या पाठाने म्हणून दाखवला आणि सगळ्यांनी साथ केली. अभंग आपण सोडला नाही हे आपण जाणताच.

एक शेवटचे. मलाही पुष्कळ वर्षे वारीला जायची हुरहुर होती. कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचे आजारपण, कधी घरात दुसरे कोणी नाही. जाणे झाले नाही, आणि त्याचे मनाला लागून राहिले होते. सावतोबांचे चरित्र वाचल्यावर ती टोचणी कमी झाली आहे. मात्र त्यांची एक अट आहे. वाफा सोडून जायचे नसेल तर वाफा राखला तरी पाहिजे. आपल्या वसईत पूर्वी बावखलावर आणि विहिरीवर रहाट कुरकुरत असत. मोटेचे काम घाटावर, तसे रहाटाचे आपल्याकडे. आता रहाट गेले, कितीएक बावखले बुजली, वाड्यांवर इमारती उठल्या. आमच्याही वाडीचा मोठा तुकडा गेला, घरामागे चार वाफ्यांपुरती जागा उरली आहे. इमारतीत राहायलाही माणसेच येतात, त्यांना नावे ठेवून काय होणार? तीही बाहेरून येऊन येथे रुजत आहेत. पण ज्या जमिनीने आलेल्या प्रत्येक बियाला घर दिले, ती जमीनच उरली नाही तर पुढच्या पाहुण्याला कोठे लावायचे? अजून पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात भाजीच्या टोपल्या नेणाऱ्या आपल्याकडच्या बाया आहेत. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना मला हल्ली सावतोबा आठवतात.

तेव्हा भगिनींनो, माझी एवढीच विनंती आहे, की येत्या पावसाळ्यात प्रत्येकीने एक तरी वेल लावावा. वाडी असेल तिने मांडव घालावा, इमारतीत राहणारीने खिडकीत डबा ठेवावा. शिराळे लावा, दुधी लावा, नाहीतर मिरची लावा. मी या वर्षी सासूबाईंच्या मांडवाच्या जागी पुन्हा मांडव घालणार आहे. बी पुरेसे आहे, लागेल तिने घेऊन जावे.

आपल्या मंडळाचा वेल असाच मांडवभर पसरत राहो, ही विठुरायाचरणी प्रार्थना.